प्याद्याच्या घरात उंट

माझी थोरली बहीण औषधे द्यायची. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याला औषधांची एक खिडकी होती, त्या खिडकीच्या आत ती सव्वीस वर्षे उभी होती. लोक तिला औषधवाल्या बाई म्हणत. मी ताई म्हणायचो. ती मला मुक्या म्हणायची, कारण बोलायची वेळ आली की मी नेमका गप्प बसायचो. तिच्याबद्दल लिहावे असे बरीच वर्षे मनात होते. मला लिहिण्याची सवय नाही, पण त्या रविवारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्यासोबत मीच होतो, आणि आता सांगणारा दुसरा कुणी उरलेला नाही.

ताईने लग्न केले नाही. ती आमच्याकडेच राहायची, मागच्या खोलीत. त्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि टेबलावर कायम मांडलेला बुद्धिबळाचा पट. पण ती कुणाशी खेळायची नाही. मी एकदा विचारले तर म्हणाली, "समोर माणूस बसला की मला त्याचं तोंड दिसतं. हरायला लागला की बिचाऱ्याची दया येते, आणि मग मीच हरते."

तिला आवड होती ती बुद्धिबळाच्या प्रश्नांची. औषधांच्या खोक्यांत बाटल्या फुटू नयेत म्हणून जुनी वर्तमानपत्रे कोंबलेली असत. त्यातल्या एका चुरगळलेल्या पानावर तिला पहिला प्रश्न सापडला. पटाचे छोटे चित्र, त्यात आठ-दहा मोहरे, आणि खाली एक ओळ: पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात करावी. काळ्याने काहीही केले तरी दुसऱ्या चालीला मात झालीच पाहिजे, आणि त्यासाठीची पहिली चाल एकच असते. तिला किल्ली म्हणतात. एका प्रश्नाला दोन किल्ल्या निघाल्या तर प्रश्न सदोष, एकही निघाली नाही तर तो प्रश्नच नव्हे. ते पान इस्त्रीने सरळ करून तिने भिंतीला लावले आणि तीन दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी दात घासता घासता ओरडली, "घोडा!" माझी बायको घाबरून बाहेर आली.

आमच्या गावात असे प्रश्न सोडवणारी वीस-बावीस वेडी माणसे होती. वर्षातून एकदा त्यांची स्पर्धा व्हायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर प्रत्येकाला एक टेबल, एक पट आणि सहा प्रश्नांचा एक छापील कागद मिळायचा. वेळ दोन तास. प्रतिस्पर्धी नाही, बोलणे नाही. दोन तास फक्त मोहरे उचलल्याचा आणि ठेवल्याचा आवाज. ताई ही स्पर्धा दोनदा जिंकली. तिसऱ्या वर्षी स्पर्धेचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, आता तुम्ही बसू नका. तुम्ही बसलात की बाकीचे घरूनच हरून येतात. तुम्ही तपासनीस व्हा."

तपासनिसाचे काम साधे दिसते, पण तसे नाही. प्रश्न रचणारा दोन पाकिटे देतो. पहिल्यात चित्र, दुसऱ्यात उत्तर. तपासनिसाने दुसरे पाकीट न उघडता प्रश्न पटावर मांडायचा, सोडवायचा, दुसरी किल्ली निघत नाही ना हे पाहायचे, काळ्याची एकेक चाल खेळून बघायची, आणि मगच दुसरे पाकीट फोडायचे. दोन्ही उत्तरे जुळली तर खाली सही करायची. ताईने नऊ वर्षे अशा सह्या केल्या. नऊ वर्षांत एक प्रश्न चुकला नाही. मी त्या स्पर्धेत घंटा वाजवायचो. सुरुवातीला एक, संपताना दोन. माझ्या स्वभावाला जुळणारे तेवढेच काम होते.

त्या वर्षी चौथा प्रश्न घड्याळवाल्यांचा होता. त्यांचे बाजारात घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि ते वर्षातून एकच प्रश्न रचायचे. ताईने तो दोन आठवडे आधी तपासला आणि सही केली. "या वेळी घड्याळवाल्यांनी कमाल केली," असे ती जेवताना म्हणाली होती.

त्याच दिवसांत माझ्या बायकोने मला एकदा हळूच सांगितले, "वन्सं हल्ली सुईत दोरा ओवायला मला देतात. आणि परवा तेलाची म्हणून फिनेलची बाटली उचलली. तुम्ही जरा विचारा त्यांना."

मी म्हटले, विचारतो. विचारले नाही. ताईसारख्या बाईला, तुला दिसत नाही का, असे कसे विचारायचे? उद्या विचारू, परवा विचारू, असे करत दिवस गेले.

रविवारी दुपारी दोन वाजता मी घंटा वाजवली. बावीस जणांनी कागद उलटे केले. पहिला तास ठीक गेला. नंतर मला काहीतरी वेगळे जाणवले. दर वर्षी या वेळेपर्यंत कुणीतरी पाठ टेकून बसते, कुणी पेनाचे टोपण लावते. आज सगळी डोकी खाली होती. कुणी दोन्ही हातांनी कानशिले दाबली होती. बँकेतला एक कॅशियर होता, गेल्या वर्षीचा विजेता. तो एक घोडा उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा.

सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. "चौथ्यात सगळे अडकलेत. एवढा अवघड आहे?"

"ताई तर म्हणाली सुरेख आहे," मी म्हटले.

"सुरेख बायकांनी आणि सुरेख प्रश्नांनीच माणसं वेडी होतात," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

ताई खिडकीजवळ बसली होती. ती उठली आणि टेबलांमधून सावकाश चालू लागली. तपासनिसाने फिरायला हरकत नसे. एका टेबलापाशी ती थांबली आणि वाकली. पुढच्या टेबलापाशी गेली, तिथेही वाकली. मग तिसऱ्या. तिसऱ्या टेबलापाशी तिने हाताने टेबलाची कड धरली. मला वाटले चक्कर आली. मी धावत गेलो.

"मुक्या," ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला कान पुढे न्यावा लागला. "सगळ्यांनी तिथे उंट ठेवलाय."

मला काही कळेना. ती मला बाहेर जिन्यात घेऊन आली. हातात तपासणीची फाइल होती. घड्याळवाल्यांचे मूळ चित्र काढून तिने माझ्यापुढे धरले. "काळ्या राजाच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत. बघ. काय आहे?"

मी पाहिले. छापील पटावर उंट आणि प्यादे यांची डोकी जवळजवळ सारखीच दिसतात. उंटाच्या डोक्याला वर एक बारीक टोक असते आणि मध्ये एक चीर, एवढाच फरक. "उंट आहे," मी म्हटले. "स्पष्ट उंट आहे."

"मी प्यादं मांडलं होतं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग तिने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. ते घर काळ्या प्याद्याचे. डाव सुरू होताना तिथे प्यादेच असते. तिने चित्र हातात घेतले, त्या घरात काळे, गोल डोक्याचे काहीतरी दिसले, आणि तिने प्यादे मांडले. प्यादे असले तर घड्याळवाल्यांचे उत्तर बरोबर येते. पण तिथे उंट आहे, आणि किल्लीची चाल खेळताना पांढरा घोडा ज्या तिरक्या वाटेतून बाजूला होतो, त्याच वाटेने तो उंट पटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पांढऱ्याचा हत्ती खातो. मग मात होतच नाही. घड्याळवाल्यांच्या नजरेतून एवढी एक चाल सुटली होती, आणि सुटलेले पकडण्यासाठीच तर तपासनीस असतो. प्रश्नाला उत्तरच नव्हते. आत बावीस माणसे केव्हाची नसलेले उत्तर शोधत होती.

"होतं असं," मी म्हटले. "एक प्रश्न रद्द होईल. नऊ वर्षांत एक..."

ती ऐकत नव्हती. समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "मी उंट बघितलाच नाही रे," ती म्हणाली. "मी जागा बघितली. जागा प्याद्याची, म्हणून प्यादं." आणि मग एकदम तिने माझे मनगट धरले. "शुक्रवारी संध्याकाळी औषधांच्या कपाटाला रंग दिला. काल सकाळी मी आले तेव्हा बाटल्या परत लावून ठेवलेल्या होत्या."

तरीही मला कळायला दोन-चार क्षण लागले.

"ताई, तू बाटल्यांवरची नावं..."

"वर्षभर वाचलेली नाहीत," ती म्हणाली. "दिसत नाहीत. धुकं आल्यासारखं होतं. चिठ्ठीसुद्धा मी लोकांकडूनच वाचून घेते. पण कुठली बाटली कुठे, हे झोपेतही सांगेन मी. दुसरा कप्पा, डावीकडून तिसरी, हृदयाच्या गोळ्या. चौथी, मधुमेहाच्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एवढ्याशा." ती उठली. "काल मी एकशे बारा माणसांना औषध दिलं."

जाण्याआधी ती परत आत गेली. सेक्रेटरींनी तिला दारातच अडवले. "अहो, अर्धाच तास राहिलाय. आता काही बोलू नका, अळीमिळी गुपचिळी. निकालाच्या वेळी बघू."

"अर्धा तास कशाला छळायचं त्यांना?" ती म्हणाली, आणि तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली, "चौथा प्रश्न चुकीचा आहे. त्याला उत्तर नाही. तपासताना चूक माझी झाली."

बावीस डोकी वर आली. कॅशियर म्हणाला, "बाई, मला वाटलं मी संपलो!" आणि त्याने घोडा पटावर आपटला. मागे भिंतीशी बसलेले घड्याळवाले उभे राहिले. त्यांना काही विचारायचे होते. मी घंटा त्यांच्याच हातात दिली आणि ताईच्या मागे धावलो.

दवाखाना दहा मिनिटांवर. रविवारची सामसूम. खिडकीमागच्या खोलीची एक किल्ली ताईकडे असायची. आत नव्या रंगाचा वास भरून राहिला होता. तिने कपाट उघडले, दुसऱ्या कप्प्यातली डावीकडून तिसरी बाटली काढून माझ्या हातात दिली. "वाच."

मी वाचले. मग परत वाचले. "मधुमेहाची आहे, ताई."

तिने ती बाटली वेगळी ठेवली. मी कपाटातल्या एकेक बाटलीचे नाव वाचत गेलो आणि ती डोळे मिटून प्रत्येकीची जागा सांगत गेली. साठ-पासष्ट बाटल्या असतील. बाकी सगळ्या जागच्या जागी निघाल्या. फक्त त्या दोन शेजारणी उलट्यासुलट्या झाल्या होत्या.

शनिवारच्या चिठ्ठ्या सळईला टोचलेल्या होत्या. त्या मी एकेक करून वाचल्या. मधुमेहाच्या लोकांचा वार मंगळवार, त्यामुळे शनिवारी त्या गोळ्यांसाठी कुणी आले नव्हते. हृदयाच्या गोळ्यांची एकच चिठ्ठी निघाली. एक बाई, वय अडुसष्ट, चौदा गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. खाली पत्ता, दवाखान्यामागची तिसरी गल्ली.

"शिवणकामवाली," ताई म्हणाली. "काल संध्याकाळी एक. आज सकाळी एक. मुक्या, तिला मधुमेह नाही. बारीक चणीची आहे. ती गोळी तिच्या रक्तातली साखर खाली खाली नेत राहील."

आम्ही जवळजवळ पळत निघालो. ताईने हृदयाच्या गोळ्यांची पुडी बांधून घेतली होती. वाटेत मला एक कल्पना सुचली, आणि ती मी बोलूनही दाखवली, त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटले, "ताई, तिथे गेल्यावर नुसत्या गोळ्या बदलून देऊ. म्हणू, नवा माल आलाय. बाई बरी असेल तर कुणाला कळायचं कारण नाही."

ती चालता चालता थांबली. "जन्मभर तोंड उघडलं नाहीस, आणि उघडलंस ते हे बोलायला?" एवढेच म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

तिसऱ्या गल्लीत दार उघडेच होते. एक तरुण बाई उंबऱ्याशी भांडी पुसत बसली होती. शिवणकामवालीची सून. ताईला पाहून ती हसली. "अय्या, औषधवाल्या बाई! आज घरपोच की काय?"

"सासूबाई कुठे आहेत?"

"झोपल्यात. सकाळी गोळी घेतली, म्हणाल्या गरगरतंय, आणि आडव्या झाल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. म्हटलं रविवार आहे, रोज मशिनवर पाय मारून थकतात, झोपू दे."

ताई चपला न काढताच आत गेली. शिवणयंत्राच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, म्हातारी बाई निजली होती. उशी घामाने ओली. ताईने हाक मारली. उत्तर नाही. गालावर थापटले, तेव्हा तिने डोळे अर्धवट उघडले आणि काहीतरी असंबद्ध बोलली, कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्यांबद्दल.

"साखर आण," ताई म्हणाली. सून डबा घेऊन धावली. सोबत तांब्यात पाणीही आणले. "पाणी नको, घशात अडकेल." ताईने बोटावर साखर घेतली आणि बाईच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळू लागली. पुन्हा घेतली, पुन्हा चोळली. मला म्हणाली, "दवाखान्यात जा. स्ट्रेचर आणि डॉक्टर. पळ. आणि काय झालंय ते सांग, नीट सांग, गप्प बसू नकोस."

मी पळालो. त्या दिवशी मी जे बोललो ते आयुष्यातले माझे सर्वांत लांब भाषण असेल. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मी सगळे सांगितले, बाटल्या, रंग, चौदा गोळ्या, सगळे. परत आलो तेव्हा ताईचे बोट बाईच्या तोंडातच होते आणि ती सुनेला सांगत होती, "ही गोळी मी चुकून दिली. तुमच्या सासूबाईंचं औषध हे नव्हे. त्यांनी काही चुकीचं केलं नाही, तुम्हीही नाही. मी केलं."

सुनेच्या हातून साखरेचा डबा पडला.

सलाइन लावल्यावर तासाभराने शिवणकामवाली शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, या गोळीचा असर रेंगाळतो, उद्यापर्यंत इथेच ठेवू, पण वेळेत आणलंत. ताई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मी तिला ते सांगितले. मला वाटले ती रडेल. ती म्हणाली, "आणि याच्या आधी?"

सोमवारी सकाळी आम्ही मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ताईने सांगितलेला कबुलीचा अर्ज मी लिहून दिला होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "हे बघा बाई, सव्वीस वर्षांची नोकरी आहे तुमची. आपण असं लिहू, की रंगकाम करणाऱ्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली. ते खरंच आहे की."

"बाटल्यांवर नावं लिहिलेली असतात, डॉक्टर," ताई म्हणाली.

त्यांनी चष्मा परत लावला. मग हळूच विचारले, "आधी कधी असं झालं असेल?"

"मला ठाऊक नाही. एखादी बाटली कुणी हलवली असेल, एखादा नवा माल उलटा लागला असेल. मला कळलंच नसतं. आठवड्याच्या चिठ्ठ्या आपण जाळून टाकतो." ती खुर्चीत पुढे सरकली. "पण हृदयाचं, फिटचं, मधुमेहाचं औषध गेल्या दोन महिन्यांत मी कुणाकुणाला दिलं, ते मला सांगता येईल. लिहून घ्या. एकेकाकडे जाऊन विचारायला हवं."

आणि तिने सांगितले. शिवणकामवाली सोडून एक्केचाळीस माणसे. कोण, कुठे राहतो, कधी आला होता, किती गोळ्या. पटावरची स्थिती सांगावी तशी, एकदाही न अडखळता. नजर गेली होती, आठवण नव्हती गेली. मोठे डॉक्टर लिहीत राहिले आणि अधूनमधून तिच्याकडे बघत राहिले.

पुढचे पाच दिवस मी आणि ताई घरोघर फिरलो. डॉक्टरांनी सोबत एक नर्स दिली होती. ती उरलेल्या गोळ्या तपासायची. दार उघडायला उशीर झाला तर ताई ओढणीचे टोक मुठीत आवळून धरायची. कुणी म्हणायचे, "बसा, चहा घ्या." कुणी म्हणायचे, "मी ठणठणीत आहे, मला कशाला मारताय?" एक आजोबा तर चिडलेच. "आता काय गोळ्या परत न्यायला आलात? अर्ध्या खाल्ल्यात मी!" त्यांच्या गोळ्या बरोबर निघाल्या आणि ताईने त्यांना चक्क हात जोडले. ते गोंधळून गेले.

चाळीस घरे झाली. चाळीसही ठीक.

एक्केचाळिसावे घर एका निवृत्त पोस्टमनचे होते. एकटाच राहायचा. दाराला कुलूप होते. शेजारी कपडे इस्त्री करणाऱ्याचे दुकान होते, त्याला आम्ही विचारले.

"पोस्टमन? गेले की ते," तो इस्त्री न थांबवता म्हणाला. "झाले बारा-तेरा दिवस."

ताईने भिंतीला हात टेकला. "कशानं?"

"कशानं म्हणजे? ऐंशीचे होते. सकाळी उठलेच नाहीत. सोन्यासारखं मरण आलं."

"त्यांच्या गोळ्या? पुडी असेल, पांढरी..."

"भाचा आला होता. सगळं भरून घेऊन गेला, कचरा जाळला." त्याने आता वर पाहिले. "का हो बाई? तुमचे कोण होते?"

नर्सने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, ऐंशी वर्षांचे होते. हृदय आधीच कमजोर होतं. बाकी सगळ्यांचं बरोबर निघालंय. यांचंही बरोबरच असणार."

"असेल," ताई म्हणाली.

मी यादी काढली. प्रत्येक नावापुढे मी 'ठीक' असे लिहीत आलो होतो. मी पेन उघडले आणि थांबलो. नर्स म्हणाली, "नैसर्गिक मृत्यू असं लिहा." मला ते पटले. खरे सांगायचे तर मला तेच लिहायचे होते.

ताईने माझ्या हातातला कागद घेतला आणि अगदी डोळ्यांशी नेला. तिला काही दिसले नसावे. कागद मला परत देत ती म्हणाली, "त्यांच्या नावापुढे लिही, माहीत नाही."

मी तेच लिहिले.